गारंबीला नंबर कुठे घालायचा

पाटणहून सड्याकडे चढणारा रस्ता
राईपाशी येऊन एकदम अंग चोरतो,
वाटेत निजलेल्या माणसाला
पाय लागू नये म्हणून चोरावं तसं.
आम्हाला ते वळण सरळ करायचं होतं.
पवनचक्कीचं पातं फार लांब असतं
आणि त्याला कंबर नसते.

माझ्याकडे टेप, पांढरा रंग, ब्रश
आणि वही. वहीत रकाने:
क्रमांक, जात, घेर, शेरा.
सोबत ठकूबाई कोकरे, वरच्या धनगरवाड्यातली,
दिवसाला चारशेवर वाट दाखवायला.
तिनं पहिल्या उंबराखाली वहाणा काढल्या
आणि माझ्या बुटांकडे नुसतं बघितलं.
लेस सोडायला मला उगाच वेळ लागला.

बाहेर सडा वणव्यानं काळा,
आत भर दुपारी तिन्हीसांज.
पायाखाली पाचोळा,
त्याखाली मागच्या सालचा पाचोळा,
त्याखाली कुणाच्या सालचा कोण जाणे,
पीठ झालेला,
आणि त्या पिठात मार्चमध्येही ओल,
गाईच्या नाकपुडीसारखी.

एक, अंजनी. फांद्यांना निळी फुलं
कुणी शाई शिंपडल्यागत चिकटलेली.
दोन, जांभूळ. तीन, हिरडा. चार, पुन्हा जांभूळ.
ठकूबाई नखानं साल खरवडायची, हुंगायची,
आणि पाहुण्यांची ओळख करून द्यावी तशी
नाव सांगायची.
मी पुसून, कोरडं करून, आकडा काढत होते.
वर शेकरू ओरडत होतं,
माझ्यावर की ब्रशवर, कळत नव्हतं.

मधोमध बहिरी. तीन धोंडे, बिनशेंदराचे.
"त्येला छप्पर चालत न्हाय," ती म्हणाली.
"मुंबैकरांनी पत्रा घातलावता.
दोन पावसाळ्यात फांदीनं चपटा केला."
पत्रा अजून तिथंच होता,
त्याच्या पन्हाळीत पाणी, पाण्यात बेडकाची अंडी.
न्यायचा का नाही, विचारलं.
"हितनं काय भाईर जात न्हाय, बाय.
वाळकं पान बी न्हाय. मग पत्रा कसा जाईल?"

अकरा नंबरला गारंबी आली.
मांडीएवढी वेल, दोराला पीळ द्यावा तशी वळलेली.
टेप लावली, तर ठकूबाई म्हणाली,
"बुडखा हुडका आधी."
आम्ही हुडकत निघालो.
ऐनावरून ती किंजळीवर गेली,
किंजळीवरून खाली उतरली, लोळली,
एका खडकाखालून गेली,
उंबराला विळखा घालून पुन्हा वर,
आणि तास दीड तासानं
आम्ही माझ्याच पांढऱ्या एक नंबरसमोर उभ्या.
रंग अजून ओला होता.

ती खाली बसली, हसली नाही.
पदरानं मान पुसत म्हणाली,
"पोरगं माझं तिकडंच हाय, पंख्यावर वॉचमन.
म्हयन्याला पगार येतो.
म्हणून मी कंपनीला वंगाळ बोलत न्हाय."
मग बराच वेळ कुणीच काही बोललं नाही.
झाडांच्या शेंड्यांवरून
पात्यांचा आवाज येत होता,
कुणी दूर धोतरं आपटत असल्यासारखा.

रात्री साताऱ्यात, गोडोलीच्या खोलीवर,
बूट झटकले तर टणकन काही पडलं.
गारंबीचं बी.
तपकिरी, तळहातात मावेलसं,
कुणीतरी रोज हात फिरवून गुळगुळीत केल्यागत.
बूट तर दिवसभर राईबाहेर होते,
तिच्या वहाणांशेजारी.
आणि मी रंगाचा डबा धुवायला ओढ्यावर गेले तेव्हा
ती तिथंच बसली होती, तंबाखू मळत.

बाहेर काही जात नाही, असं तीच म्हणाली होती.
म्हणजे हे परत न्यायला हवं.

अहवाल सोमवारी द्यायचाय.
अकरापुढे घेराचा रकाना कोरा आहे,
शेऱ्यात दोनदा लिहून दोनदा खोडलंय.
डोक्यावर पंखा फिरतोय,
कागद उडू बघतात.
बी त्यांच्यावर ठेवलंय.