शेवटच्या कोऱ्या पानावर, पेन्सिलीने

पूर्व भागात, पिठाच्या गिरणीला लागून
बिराजदारांचं वाचनालय आहे.
तिथं प्रेमकथांचं एक कपाट,
पुस्तक उघडलं की आधी थोडं पीठ उडतं.
त्यातली बहात्तर वाचून झाली.
म्हणजे मला आता मत आहे.

पहिलं म्हणजे, सगळे नायक आर्किटेक्ट का?
एवढ्या इमारती बांधायच्या कुठं?
एखादा असू दे की रॅपियर मागाचा मेकॅनिक,
नखांत ग्रीस, खिशात दहा-अकराचा पाना,
हसला तर तसाच हसू दे, डाव्या गालाने,
पान बारावर सगळे हसतात तसा.

नायिकेचा कॅफे असतो. चालतो कसा, देव जाणे,
गिऱ्हाईक म्हणून तो एकटाच येतो.
तिच्या घरी पाणी रोज येतं
हे कुणी लिहीतसुद्धा नाही, इतकं गृहीत.
आमच्याकडे पाचव्या दिवशी. कधी सहाव्या.
रात्री अडीचला नळ आधी खाकरतो, मग ठरवतो.

आणि तो गैरसमज!
तो आपल्या मामेबहिणीला मिठी मारतो,
ही खांबाआडून बघते,
की नव्वद पानं रुसवा.
अगं बाई, विचार की त्याला. रिचार्ज संपलाय का?

माझे धाकटे दीर कॉलेजात शिकवतात. श्रीहरी.
‘वहिनी, फार हलकं वाचता तुम्ही.’
मी म्हटलं, तुमचे आजोबा मागावर होते ना?
जाड सूत कुणीही चालवेल, गप्पा मारत.
बारीक सूत तुटतं. थांबायचं, गाठ मारायची,
परत थांबायचं,
आणि गाठ बोटाला लागता कामा नये.
हलकं विणायला काय लागतं
ते एकदा कारखान्यात जाऊन विचारा.
ते शेंगाचटणीची वाटी घेऊन वर निघून गेले.

‘शेवट ठरलेलाच असतो,’ हेही त्यांचंच.
ठरलेला असतो म्हणून तर!
मी शाळेच्या युनिफॉर्मच्या कॉलरी शिवते.
साठ डझन झाल्यावर शेठ सांगतो, ऑर्डर रद्द.
मुलीचा निकाल, सासूबाईंची साखर, नळ,
कशाचाच शेवट कुणी आधी सांगत नाही.
हे दोघं मात्र दोनशे दहाव्या पानावर भेटणार,
स्टेशनात, नाहीतर दुसऱ्याच कुणाच्या लग्नात.
चव्वेचाळीस डिग्रीत, लाईट गेलेली असताना,
तेवढी एक गोष्ट नक्की.

रडले एकदाच, तेही प्रेमासाठी नाही.
नायिकेला वडील फोनवर विचारतात, जेवलीस का,
आणि ती हो म्हणते.

आता तुम्हाला वाटेल, मी नवऱ्याचं सांगणार:
नरसय्या अडीचला उठतात, मला उठवत नाहीत,
बारा घागरी भरतात, भांड्याला भांडं न लावता,
आणि खरं प्रेम म्हणजे हेच, वगैरे.
उठतात. खोटं कशाला बोलू.
पण मला एक पत्रपण पाहिजे होतं.
घागरी पाहिजेत आणि पत्र पाहिजे.
यात हावरटपणा काय आहे?

मतं मी शेवटच्या कोऱ्या पानावर लिहिते,
पेन्सिलीने, मुंगीएवढ्या अक्षरात.
बिराजदार रागावत नाहीत, त्यांचा मोतीबिंदू पिकलाय.
परवा एक जुनं पुन्हा घरी आणलं.
मागं माझंच अक्षर, उन्हाळ्यातलं:
‘पान ११८ वर चहा गार झाला.
११९ वर त्याच चहाला वाफा.
लेखिकेने लक्ष द्यावं.’

खाली हिरव्या शाईत, तिरकं, अनोळखी:
‘त्याने परत तापवला असेल हो.
सांगितलं नाही, इतकंच.’

आता बहात्तरच्या बहात्तर
पुन्हा वाचणं आलं.