पालथा कागद

थीच्या लाकडाची फळी, दोन वर्षं सावलीत वाळवलेली.
तिच्यावर मी भाताची खळ पसरली,
बाळाच्या पाठीला तेल लावतात तशी, तळव्याने.
हवेचा एक बुडबुडा राहिला तरी तिथे रेघ उचलते.
बा थोआ मागून सांगत होती. माझी आजी.
तिला हाताच्या अंतरावरचंही आता धूसर दिसतं,
पण खळ दाट झाली की तिला आवाजावरून कळतं.

कागद एकच होता.
ठसा गेला दुओंग नदीच्या पुरात. नावेचा ठसा,
नावेसारखाच तरंगत, अंगणातून, बांधावरून;
आजी कौलांवर बसून बघत राहिली.
मागे उरली ही चाचणीची प्रत,
शिंपल्याची भुकटी न लावलेली, कांद्याच्या पापुद्र्याइतकी पातळ,
शाई इकडून तिकडून सारखीच दिसणारी.
नाव, सात माणसं, एक डुक्कर, वर चार जुनी अक्षरं.
काठ नाही. नुसतं पाणी.

फळीवर चिकटवली की ती प्रत संपली.
कोरताना कागद रेघेरेघेने छिन्नीखाली जातो.
ह्वान म्हणाला, शहरात झेरॉक्स मिळते.
आण की, म्हणाली.
त्याने आणली. जाड, गुळगुळीत, आणि नाव बोटभर आखूड.
आजीने तिच्यात सुपारी बांधली.

मग मी श्वास धरून कागद टेकवला,
मधून कडांकडे दाबत गेले.
ओल चढली तशा रेघा काळ्याभोर उठल्या.
मी ओरडले, बघ, सगळं कसं सरळ आलं!

सरळ?

ती उठली. नाक फळीला लागेपर्यंत वाकली.
चारही अक्षरं मोठ्याने वाचली.
वाचता आली, तिथेच मला कळायला हवं होतं.
पण शाळेत मी शिकले ती रोमन लिपी,
ही अक्षरं मला सुलटी काय, उलटी काय,
गवतात पडलेल्या काड्या.
शाई लाकडाकडे, पाठ आपल्याकडे;
फळीवर जे वाचता येतं ते कागदावर मुकं होतं,
हे मी नऊ वर्षांची असल्यापासून ऐकत आलेय.
पालथा घालायचा कागद
मी उताणा घातला होता.

खळ धरली होती. सोलायला गेलं तर चिंध्या.

ती रागावली नाही.
पानाच्या डब्याच्या झाकणातला आरसा
फळीशेजारी उभा केला. मला म्हणाली, सांग काय दिसतं.
नावाडी डावखुरा झालाय.
डुकराने तोंड फिरवलंय.
आणि मागच्या टोकाला टोपीवाला,
ज्याच्याबद्दल आमच्या घरात कुणी विचारत नाही.

पुराआधी तेतच्या सणाला हे चित्र
दरवर्षी त्याच भिंतीला लागायचं,
आणि नाव दरवर्षी दाराकडे निघालेली.

"म्हणजे आता आत येणार," ती म्हणाली.
बराच वेळ तिने आरसा हलवला नाही.

अक्षरांचं काय?
तेवढी खिडकी कापून काढ. थीचाच तुकडा बसव,
लाकडाचा धागा धाग्याला लावून, पाचर ठोक.
मी नवीन लिहून देते. ती तरी पालथी घाल.
काय लिहिलंय गं त्यात?
"वारा चांगला आहे."

मग तिने कागदावरून तेलाचा हात फिरवला
आणि चाचपत छिन्नी माझ्या मुठीत दिली.
डुकरापासून सुरू कर, म्हणाली,
तिथे चुकलं तर कुणाला कळत नाही.