बोगद्यानंतरचं पहिलं मिनिट

तक्रार दोन ओळींची होती:
बोगद्यातून बाहेर आलं की अ‍ॅप गोठतं. बाकी ठीक.
खाली नाव, रान्वा, गृहपरिचारिका, क्लाक्सविक.

आम्ही तोर्सहावनच्या ऑफिसात
तीन आठवडे तिचं गोठणं शोधत होतो.
आमच्याकडे ते कधीच गोठलं नाही.
आमच्या टेबलांना बोगदे नाहीत,
आमचे फोन दिवसभर एकाच वायफायच्या कुशीत लोळतात.
बेइनिरने शेरा मारला, माझ्याकडे चालतंय,
आणि तक्रार मिटवली.
रान्वाने ती पुन्हा उघडली.
शेऱ्याच्या जागी नुसता एक पूर्णविराम.

म्हणून फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी
मी तिच्या गाडीत, मांडीवर लॅपटॉप.
मागच्या सीटवर पट्ट्या, इन्शुलिनची पेटी,
आणि कुणीतरी प्रेमाने बांधून दिलेलं
वाऱ्यावर सुकवलेलं मटण,
त्याचा वास थेट माझ्या कीबोर्डात.

बोगदा एकपदरी. आत दिवे नाहीत.
समोरच्याला वाट द्यायला खडकात कोनाडे खोदलेत,
आणि पलीकडचे दिवे नीट पाहिल्याशिवाय
इथे कुणी पुढे घुसत नाही.
हे फोनला कुणी शिकवलेलं नव्हतं.

बाहेर आलो. समुद्र, तिरका पाऊस,
हानुसचं गवती छपराचं घर, आणि पडद्यावर
गोल गोल फिरणारं चक्र.
मी सेकंद मोजले.
रान्वाने मोजले नाहीत. तिने तळहात उघडला.
निळ्या शाईत: हानुस १४, सन्निवा ६.
ती आत गेलीसुद्धा.

साठाव्या सेकंदाला मला लॉगमध्ये सापडली ती.
एक जोडणी, वापरून झालेली, फोनने जपून ठेवलेली,
नवी बांधायला वेळ लागतो म्हणून.
आत शिरलो तेव्हा जिवंत होती.
अंधारात आमचा पत्ता बदलला,
मधल्या कुठल्यातरी खोक्याने तिचं नाव खोडलं
आणि कुणालाच कळवलं नाही.
फोनच्या लेखी ती अजून उघडीच.
तो तिच्यात विचारतो, हानुसचा डोस?
थांबतो.
दुप्पट थांबून पुन्हा तेच विचारतो.
नकार आला असता तरी चाललं असतं,
नकाराला निदान उत्तर म्हणता येतं.
शिळ्या कढीला ऊत आणायला निघालाय बिचारा,
आणि खाली चूलच नाही.

हानुस बेचाळीस वर्षं किनारी रेडिओवर होता.
बाही वर करून बसल्या बसल्या त्याने विचारलं,
ही मुलगी काय दुरुस्त करते?
मी सांगितलं, जमेल तसं.
तो म्हणाला, बोट गप्प झाली की
आम्ही दोनच गोष्टी धरून चालायचो:
माणूस झोपलाय, नाहीतर बोट नाही.
सगळं ठीक असेल, ही तिसरी आमच्या वहीत नव्हती.
मग सुई टोचली तेव्हा ओरडला,
माझ्यापेक्षा मोठ्याने मी दचकले.

रात्री पाहुण्यांच्या खोलीत हीटरला पाय लावून
थोड्याच ओळी लिहिल्या.
नेटवर्क बदललं, जुन्या सगळ्या टाकून दे.
अ‍ॅप झोपेतून उठलं, टाकून दे.
पंचवीस सेकंद गप्प राहिली तर हाक मार,
आणि हाकेलाही ओ आली नाही
तर दारात उभा राहू नकोस.

बेइनिर म्हणाला, यात चांगल्याही मरतील.
मरतील.
नवी बांधायला पाव सेकंद लागतो.
रान्वा दिवसात अकरा वेळा बोगद्यातून जाते,
अकरा मिनिटं, परक्या दारांपुढे,
त्या वाऱ्यात.

एप्रिलमध्ये तिने लिहिलं, आता गोठत नाही.
मी विचारलं, मग हातावर लिहिणं थांबलं?
तीन दिवसांनी फोटो आला, जरा हललेला:
तळहात, निळी शाई, हानुस १२.
दोनने उतरलाय.

मी आमच्या अ‍ॅपमध्ये पाहिलं.
एका सेकंदात उघडलं, अगदी झटकन,
आणि म्हणालं, चौदा.

नवी तक्रार मीच नोंदवली.
बेइनिरच्या नावावर.