एक जास्तीची फेरी

सकाळी उठते तीच मुळी
दिवस संपवून आल्यासारखी.
झोप झाली, असं घड्याळ म्हणतं.
अंगाला ते कुणी कळवलेलं नसतं.

बांबोळीला सोनोग्राफी झाली श्रावणात.
पोटावर गार जेल लावून त्या मुलीनं
यंत्र फिरवलं, थांबली, परत फिरवलं
आणि पडद्यामागच्या कुणाला तरी म्हणाली, ग्रेड टू.
मला वाटलं, चौथीतल्या कुणाचा तरी निकाल.

"घेता का?" डॉक्टरांनी विचारलं.
गोव्यात या क्रियापदाला कर्म लागत नाही.
मी म्हटलं, घेते.
चहात दोन चमचे साखर, चतुर्थीला नेवऱ्या,
पोरांच्या ताटात उरलेला भात.
ते हसले नाहीत. नारळ निम्म्यावर आणा,
रोज चाला, सहा महिन्यांनी या.
आणि हा थकवा?
पेनाला टोपण लावत म्हणाले, "तो असतोच."

असतोच.
घरातल्या माणसासारखा, एकेरीत.

सासूबाईंना यकृत कळेना,
म्हणून मटणाच्या दुकानातला शब्द सांगितला: काळीज.
"काळजाला काय झालं गो तुझ्या?"
चरबी साठलीय.
तांदूळ निवडता निवडता त्या म्हणाल्या,
"चरबी कसली, काळजी साठली असेल."
एक वेलांटी इकडची तिकडे.
एरवी अशा चुकीला मी अर्धा गुण कापते.
त्या दिवशी पूर्ण दिला.

फळ्यावर तारीख आता मधोमध लिहिते;
हात खांद्याच्या वर जात नाही.
मुलांना वाटतं, नवीन पद्धत आलीय.
धुण्याची बादली भरली की आधी तिच्याशेजारी बसते,
ओळख झाली की उचलते.
कधी नाही उचलत.
गुरुदास म्हणतो, जरा हात-पाय हलव, बरं वाटेल.
वाईट नाही तो. त्यानंच गुळाचा डबा
माळ्यावर नेऊन ठेवला, हसत हसत.
पण तापाला थर्मामीटर असतो.
मोडलेल्या हाताला प्लास्टर, त्यावर पोरं नावं लिहितात.
याचा पुरावा कुठून आणू?
चेहरा तर म्हणे तुकतुकीत दिसतो माझा.

रायबंदर ते चोडण, दहा मिनिटं.
इंजिन धडधडतं माझ्याऐवजी.
खाली मांडवी, समोर खारफुटी,
मध्ये पायरी नाही, चढ नाही,
कुणाला माझ्याकडून काही नको.
पाण्यावर चालता येत नाही,
तेव्हा डॉक्टरांचंही ऐकायला नको.

आज चोडणला फळी पडली.
स्कूटर गेल्या, पावाची सायकल गेली,
मासळीच्या टोपल्या गेल्या.
मी पिशवी खांद्याला लावली.
उठले, असं मला वाटलं.
बघते तर बाकावरच.

"बाय, देंवना?" खलाशी शाणूनं विचारलं.
मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून,
मलाही सांगता येणार नाही.
त्यानं एकदा शाळेच्या रस्त्याकडे पाहिलं,
एकदा माझ्या चपलांकडे,
आणि काही न विचारता साखळी ओढली.
पायी येणाऱ्याला इथे तिकीट नाही.
बसून राहणाऱ्याला तरी कुठे आहे?

रायबंदर परत आलं.
घाटावर मघाचीच कुत्री, मघाचीच ऊन्हं.
मग पुन्हा पाणी, पुन्हा चोडण.
बरी झाले, असं काही नाही.
पण या खेपेला उठले ती खरंच उठले,
आणि कुणी बघत नव्हतं तरी
फळीवरून सावकाश चालत गेले,
जशी चालते मी, तशी.

मस्टरवर वेळ लिहिली, होती तीच.
पुढे रकाना होता: उशिराचं कारण.
लिहिलं, फेरी.
हेडबाई म्हणाल्या, "या बोटींचं नेहमीचंच."

मी परत एकदा वाचलं.
शुद्धलेखन बरोबर होतं.