पावणेसहा इंच

खापरवाडीच्या पाखाडीला एकशे अठरा पायऱ्या.
माझ्या काकानं घातलेल्या, उभ्या चिऱ्याच्या,
नऊ इंच, कुठे दहा.
तेव्हा डोक्यावर टोपली घेऊन बाया पळत चढायच्या,
उंची कोणी विचारली नाही.

आता छत्तीस घरं, तेरा बंद.
सत्तरीपुढचे एकूण गुडघे एक्केचाळीस.
धाकू मालंडकराचा डावा
कोल्हापुरात बदलून आणलाय, तो मोजला नाही.

पंचायतीच्या अंदाजपत्रकात रकाने असतात:
जांभा, सिमेंट, वाळू, मजुरी.
दम लागण्याला रकाना नाही.
तो मी मजुरीत घातला.

सत्यभामा कुबल दारात उभी.
म्हटलं, काकी, पाय उचला, दुखेल तिथे थांबा.
पाय थांबला तिथे चिऱ्यावर रेघ मारली.
टेप नंतर लावली. पावणेसहा.

वाशीहून मुलाचा फोन:
चकचकीत फरशी घाला,
आईला बाहेर जायची वेळच येऊ नये
असं सगळं आत करा.
मी बरं म्हटलं,
आणि न्हाणीत खरबरीत कडप्पा बसवला.
दार बाहेर उघडणारं केलं.
आत कोणी पडलं तर
त्याच्याच अंगानं दार अडतं.
हे मी माझ्या आईच्या वेळी शिकलो.

धरायला दांडा हवा होता.
माळ्यावर तिच्या नवऱ्याचं वल्हं,
मुठीपाशी झिजून गुळगुळीत.
न्हाणीच्या भिंतीला लावून बघत होतो, तर म्हणाली,
"वल्ह्याक धरून घरात कोण येता रे?
वल्ह्यानं भायर जातत."
मग जरा वेळानं,
"पडाचा भ्या नाय माका.
पडान रवाचा आसा."

न्हाणीला स्टीलचा पाईप लावला.
वल्हं अंगणातून पाखाडीकडे वळवलं.

दर चौदाव्या पायरीला एक बसकी पेळ, दोघांपुरती.
एकट्यापुरती केली असती तर चिरा वाचला असता.

इंजिनियर वैतागला,
"अहो, एकशे शहाऐंशी? पायऱ्या वाढल्या की!"
वाढल्या.
डोंगर तेवढाच आहे.

काल संध्याकाळी तिसऱ्या पेळेवर
सत्यभामाकाकी नि धाकू
बांगड्याच्या भावावरून भांडत होते.
खाली होड्या लागत होत्या, कोणाची कुठली ते
दोघांनाही धड दिसत नव्हतं,
तरी दोघंही नावं सांगत होते, वेगवेगळी.

मी हत्यारांची पिशवी घेऊन वर निघालो होतो.
बावन्न वर्षांचा आहे मी अजून.
चौथ्या पेळेवर टेकलो,
फक्त उंची बरोबर झालीय का बघायला.
बराच वेळ बघितली.