दोन मासे कमी

बोहरी आळीत, स्टोव्हच्या पिना विकणाऱ्या दुकानावर
सतरा पायऱ्यांचा लाकडी जिना,
त्यातली नववी बोलायची.
वर दोन खोल्या. जुनी वजनं आणि मापं. तिकीट पाच रुपये.
बावीस वर्षं मीच फाडली ती तिकिटं.
आठवड्याला अकरा माणसं,
त्यातली चार नुसती पाणी प्यायला.

आता वारज्याला जागा मिळालीय.
महापालिकेची इमारत, तिसरा मजला,
काचेचं दार, आपोआप उघडणारं.
अन्वर तांबोळीनं रात्री अकराला टेम्पो लावला,
दिवसा आळीत चाक शिरतंय कुठलं,
आणि विचारलं, "ताई, माल किती वजनाचा?"

मी तोंड उघडलं. मग मिटलं.
आमचं वजन कधी कुणी केलंच नव्हतं.

निळवं, कोळवं, चिपटं, मापटं,
एकाच्या पोटात एक बसवून कागदात गुंडाळली.
अधोलीच्या बुडाशी जोंधळ्याचे सात दाणे निघाले.
ते यादीत कुठे लिहायचे कळेना,
पदराच्या टोकाला बांधले.

कुदळे साहेब सरकारात वजनमापं निरीक्षक होते.
त्यांनी जप्त केलेला खोटा माल हीच आमची श्रीमंती :
बूड पोखरून लाख भरलेला अच्छेर,
दुहेरी तळाचं मापटं,
पोकळ दांडीचा तराजू, आत पारा;
दांडी जराशी कलली की पारा पळायचा
दुकानदाराच्या बाजूला.
आणि या सगळ्यांच्या वर, मखमलीवर, एकटा,
साहेबांचा स्वतःचा पितळी शेर.
खरा. ज्याच्यापुढे बाकीचे खोटे ठरले.

नळस्टॉपच्या पुलावर दचका बसला.
मागे काहीतरी घरंगळत गेलं
आणि बराच वेळ घरंगळत राहिलं.

लिफ्टनं तीनदा नकार दिला.
मग आम्ही जिन्यानं; हा जिना एक शब्द बोलला नाही.
वर पेटी उघडली तर चिठ्ठ्या सुटलेल्या,
खरं-खोटं एका ढिगात,
सगळी पितळी, सगळी गोल, सगळी गप्प.

"काट्यावर घालू," अन्वर म्हणाला,
आणि समोरच्या चिकनवाल्याचा काटा मागून आणला,
तांबडे आकडे चमकणारा.
खोटी पटापट सापडली.
साहेबांच्या वहीत जेवढी खोटी लिहिलेली, तेवढीच खोटी.
साठ वर्षांत एक गुंज इकडेतिकडे नाही.

मग शेर ठेवला. नऊशे तेहेतीस यायला हवे होते.
नऊशे एकतीस.

काटा पुसला. पुन्हा ठेवला.
पंखा बंद केला. पुन्हा.
नऊशे एकतीस.

मी मनात हिशोब केला आणि म्हटलं, "दोन मासे कमी."
"दोनच ना?" अन्वर म्हणाला,
"मग कालवणाला पुरायचे नाहीत."
तो हसला, आणि माझ्याकडे बघून थांबला.

कारण मला कळलं होतं.
खोट्या वजनांना मी कधी फडकंसुद्धा लावलं नाही.
पुरावा आहे तो, साहेब म्हणायचे, हात लावायचा नाही.
पण दर दसऱ्याला शेर मात्र खाली काढायचा,
चिंच, राख, नारळाची शेंडी,
आणि तोंड दिसेपर्यंत घासायचा.
बावीस दसरे. माझ्याआधी साहेबांच्या मंडळींचे अडतीस.
वरून झेंडूचं फूल.

परवा आयुक्त येणार फीत कापायला.
कपाटं दोन : यावर 'प्रमाण', त्यावर 'अप्रमाण'.
शेर अजून माझ्या टेबलावर आहे,
खाली बिनलिहिलेली चिठ्ठी.

अन्वर गेला काटा परत द्यायला.
मी पदर सोडला, दाणे मोजले. सात.
म्हणजे ते तरी आहेत.
बाकी राखेचं पाणी आम्ही मोरीत ओतायचो,
मोरीतलं आळीच्या गटारात जायचं, गटारातलं नदीला.

मुठेत गेले माझे दोन मासे.
एरवी कुणाला सापडतात तिथे.