विषय : आवाजाबाबत

एकतीस तारखेला किल्ली परत केली.
मालकाच्या मुलाने विचारलं, दुसरी?
दुसरी नव्हतीच कधी. तीस वर्षं एकच,
खाली हुसेनभाई तांबोळींच्या पंक्चरच्या दुकानात,
ग्रीसच्या डब्यामागे.
ज्याला गायचं असेल त्याने आधी हात काळे करून घ्यावेत.

रास्ता पेठेत, पॉवर हाउसच्या मागे,
भुसाराच्या गोदामावर आमची ती खोली.
मंडळाला नाव होतं, पावतीपुस्तकावर छापलेलं,
पण ते कुणी घ्यायचं नाही.
'वर आहे का आज?' एवढंच.
महिना वीस रुपये, पुढे पन्नास,
ज्याच्याकडे नाहीत त्याने सतरंज्या झटकायच्या.
गव्हाची धूळ फळ्यांमधून वर यायची,
तार षड्जाला पोचता पोचता
गाणारा हमखास शिंकायचा.

मालकाच्या मुलाला जागा हवी होती, हे खरं.
आणि सतरंज्या झटकणाऱ्यांचे खांदे आखडले होते,
हेही. सभेत मात्र पहिलंच बोललं गेलं.

शेवटच्या बैठकीला अकरा माणसं होती,
पिल्लेंचा नातू धरून, आणि तो झोपलेला.
निरोपाच्या सभेला अडीचशे.
जिन्यावर, खाली पोत्यांवर बसून
एकमेकांना सांगत होते, आपण किती यायचो.
मी खजिनदार. कोण किती यायचं ते मला माहीत.
गप्प बसलो.
चहा संपला, परत मागवला, खिशातून.

कुणीतरी म्हणालं, इतिहास लिहायला हवा.
कोण कोण गाऊन गेलं, कधी, काय.
माझ्याकडे नुसत्या जमाखर्चाच्या वह्या :
पेटीचा भाता, तीनशे दहा. सुतळी. बल्ब.
डिमेलो बाईंना रिक्षा, जाऊन येऊन.
गाण्याबद्दल अक्षर नाही.
लिहिणार कोण? सगळे ऐकत होते.

म्हणून समोरच्या खासनिसांकडे गेलो.
एकोणीस वर्षं तक्रारी केल्या त्यांनी,
चौकीत, महापालिकेत, एकदा थेट कलेक्टरला.
साखळी न काढता दार उघडलं.
प्रती आहेत का, म्हटलं.
'सगळ्या आहेत.'

चार फायली. जावक क्रमांक, तारीख, खाली सही.

'काल गुरुवारी रात्री दहा चाळीसनंतरही
पुरुषी आवाजात बागेश्री. विलंबित पाऊण तास.
सदर इसमास घाई नाही.'

'मृदंग व तबला यांचे आपसांत भांडण, बावीस मिनिटे.
तबल्याची बाजू पडती.'

'जलसा. गाणारी मुलगी अंदाजे चौदा वर्षांची.
माइकची गरज नव्हती, तरी दिला.'

'एका वयस्क बाईने अकॉर्डियनवर काही इंग्रजी वाजवले.
खिडकी लावता आली नाही.'
का, ते लिहिलेलं नाही.

आणि सोळा ऑगस्टचं पत्र, एकाच ओळीचं :
'आज कार्यक्रम झाला नाही. कारण कळवावे.'
त्या गुरुवारी हुसेनभाई गेले होते.
आम्ही कळवलं नाही.
आम्ही त्यांच्या एकाही पत्राला
कधी उत्तर दिलं नव्हतं.

साडेसहाशे पानं, झेरॉक्स पानाला दोन रुपये.
मंडळाच्या खात्यावर चौदाशे वीस होते.
उरलेल्या एकशे वीसचं काय करायचं
ते कुठल्याच सभेत ठरलेलं नाही.

फायली परत द्यायला गेलो.
या वेळी साखळी काढली होती.
त्यांनी उभ्याउभ्याच पानं मोजली, बोट ओलं करून,
चारही फायलींची.
मी जिना उतरायला लागलो तसे म्हणाले,
ते बागेश्रीचं पाऊण तास लिहिलंय ना मी,
चाळीस मिनिटं करा.
माझं घड्याळ तेव्हा पुढे जायचं.